अंगणांतील पाणी कोणाचें?

भंडारा जिल्हा तलावांचा म्हणून प्रसिद्ध आहे. कोहळी लोकांनीं पूर्वीं येथें जे तलाव व बोड्या बांधल्या, त्यांत पाळीबरोबरच सांडव्याचाहि विचार केलेला असे. अधिक झालेलें पाणी कोठें जाईल हें ठरविल्यावांचून त्यास अडविणें म्हणजे खालच्या शेताचा घात करणें, हें ते जाणत होते. आम्ही शिकलेले लोक मात्र घर बांधतांना हा प्रश्न शेजाऱ्याच्या अंगणांत ढकलून मोकळे होतों.

ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेस महापूर आला व भंडारा शहराच्या कित्येक वस्त्यांत पाणी शिरलें. वरच्या अंगास मध्यप्रदेशांतील संजय सरोवरांतून सुटलेलें पाणी व मुसळधार पाऊस, ह्यांपुढें एकट्या गृहस्थाचा इलाज नव्हता. परंतु नदी आपल्या पात्रांत असतांनाहि आळींत पाणी सांचतें, त्याचा दोष वैनगंगेस कसा द्यावा?

माझीच गोष्ट सांगतों. चिखल नको म्हणून मीं सारें अंगण फरशीनें मढविलें आणि पन्हळीचें तोंड कुंपणाकडे वळविलें. पुढच्याच श्रावणांत शेजारच्या वृद्ध बाईंच्या स्वयंपाकघराची मातीची भिंत रात्रीं खचली. त्या ओसरीवर निजल्या होत्या म्हणून वांचल्या. सकाळीं त्या एवढेंच म्हणाल्या, "मास्तर, तुमचें अंगण मात्र कोरडें राहिलें हो!" भिंतीचा खर्च मीं दिला, त्यांच्या शब्दांस उत्तर देतां आलें नाहीं.

मुलांनीं हिशेब करून पाहावा. एक चौरस मीटर जागेवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. छप्पर ५० चौरस मीटर असेल आणि दिवसांत १०० मिलिमीटर पाऊस झाला, तर ५,००० लिटर पाणी एकट्या छपरावरून उतरतें! माती त्यांतील कांहीं पिऊन टाकी. फरशी तें सारें पुढें लोटते.

मग मीं कुंपणालगतची हातभर फरशी उखडली, पाणी चारीनें परसांत नेलें, व जोत्यापासून आणि विहिरीपासून दूर एक मीटर लांब, रुंद व खोल खड्डा खणून त्यांत विटांचे तुकडे व गिट्टी भरली. अशा खड्ड्यांत एका वेळीं सुमारें ४०० लिटरच पाणी मावतें, आणि चिकण मातींत तें जिरण्यास विलंब लागतो. तेव्हां खड्ड्यालाहि सांडवा हवाच. माझा सांडवा रस्त्याच्या गटारांत उतरतो, आणि तें गटार दरवर्षीं केरकचऱ्यानें तुंबतें. आमच्या आळींतील पालकांनीं मृग लागण्यापूर्वीं आपली एक सकाळ त्यासाठीं द्यावी, अशी विनंती आहे. फावडीं मी आणीन.