झाडाला मार्चअखेर नसते

नाशिकच्या सातपूर-अंबडमधल्या कारखान्यांचा सीएसआरचा, म्हणजे सामाजिक जबाबदारीचा, पैसा लहान संस्थांच्या खात्यात पडतो तो बहुधा जानेवारी-फेब्रुवारीत. अशा काही संस्थांचे हिशेब मी लिहिते, त्यामुळे पुढचं सगळं पाठ झालंय. 31 मार्चच्या आत रक्कम खर्ची पडली पाहिजे, उपयोगिता प्रमाणपत्र गेलं पाहिजे. रोपं तर मृगाचा पाऊस पडल्याशिवाय लावायची नसतात. मग मार्चमध्ये खड्डे, कुंपणाची तार, बॅनर आणि टी-शर्टांची बिलं होतात. (टी-शर्टांचं बिल कधी राहून जात नाही.) जूनमध्ये फोटो निघतात. दिवाळीनंतर पाणी कोण घालणार, हा रकाना अर्जातच नसतो.

सातपूरजवळच्या फाशीच्या डोंगरावर एकदा जाऊन या. 5 जून 2015 ला ‘आपलं पर्यावरण’ संस्थेच्या पुढाकारानं नाशिककरांनी तिथे वनखात्याच्या जमिनीवर हजारो देशी झाडं लावली. आज तिथे देवराई आहे, कारण लागवडीनंतरही माणसं डोंगर चढत राहिली, पाणी घालत राहिली, उन्हाळ्यात वणव्यावर डोळा ठेवत राहिली. रोपाचं बिल एकदाच येतं. टँकरचं डिझेल, राखणदाराचा पगार, होळीआधी गवत कापणाऱ्या बायांची मजुरी हे येतच राहतं, आणि नेमकं तेच देणगीदाराला ‘प्रशासकीय खर्च’ वाटतं.

मार्चअखेरच्या या घाईसाठी बोट कायद्याकडे दाखवलं जातं. पण कंपनी कायद्याचं कलम 135 मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे 2 टक्के खर्च करायला सांगतं. सगळं एका वर्षात उरका असं सांगत नाही. प्रकल्प पहिलं वर्ष सोडून आणखी तीन वर्षं चालवता येतो, उरलेली रक्कम 30 एप्रिलपर्यंत वेगळ्या खात्यात ठेवली की झालं. प्रशासकीय खर्चाची 5 टक्क्यांची मर्यादाही कंपनीच्या स्वतःच्या खर्चाला आहे. ती राखणदाराच्या पगाराला लावणारे अधिकारी मला दरवर्षी भेटतात.

पेठ-सुरगाण्यात पाण्याच्या योजनांचंही तेच. पावसाळ्यात धो-धो पाऊस, आणि एप्रिलमध्ये पाड्यावरच्या बाया विहिरीच्या तळाशी. टाकी, पंप, पाइपलाइनला दाते मिळतात, कोनशिलेवर नावही लागतं. दुसऱ्या उन्हाळ्यात मोटर जळते, तेव्हा रिवाइंडिंगचे पैसे पाड्यानं घरटी वर्गणी काढून भरायचे.

पैसे खाल्ले जातील ही कंपन्यांची भीती अगदीच खोटी नाही. एकाच खड्ड्याची दोन बिलं मीही परत पाठवली आहेत. पण त्यावर आणखी एक फॉर्म हा इलाज नव्हे. देणगीतला मोठा वाटा राखून ठेवा, दरवर्षी जगलेल्या झाडांप्रमाणे द्या, पंप असेल तर पाणी चालू राहिलेल्या महिन्यांप्रमाणे द्या. चोराला इतकी वर्षं थांबायचा धीर नसतो.

कुंभमेळ्यासाठी तपोवनातली झाडं तोडण्यावरून नाशकात वाद पेटल्यापासून लागवडीचे मोठमोठे आकडे ऐकू येताहेत, आणि 2027 चा कुंभमेळा जवळ येईल तसे ते वाढत जातील. त्या आकड्यांतली झाडं मोजायला कंपनीचा माणूस तिसऱ्या वर्षी मे महिन्यात पाठवा. श्रावणात नको, श्रावणात सगळाच डोंगर हिरवा दिसतो.