गृहविचार : चित्रित मातीचें बेसिन

हात धुण्यासाठीं हातानें घडविलेलें, वेलबुट्टीचें मातीचें बेसिन घरांत बसवावें, अशी हौस हल्लीं अनेकांस वाटते. हौस चांगली, परंतु एकदां भिंतींत बसविलेली वस्तु वारंवार बदलतां येत नाहीं. म्हणून ती घेण्यापूर्वींच पारखावी.

या जातीच्या कामांत मेक्सिकोंतील प्वेब्ला शहराचें तालावेरा काम प्रसिद्ध आहे. तेथील कुंभारसंघानें १६५३ च्या सुमारास नियम करून मालाच्या प्रती ठरविल्या व प्रत्येक कारागिरानें आपली खूण उमटवावी असें बंधन घातलें. २०१९ सालीं युनेस्कोनें ही कला मानवजातीच्या अमूर्त वारशांत नोंदविली. पण कीर्ति निराळी, टिकाऊपणा निराळा.

ही माती सच्छिद्र असते. एकदां भाजल्यावर तिला कथील व शिसें घातलेली पांढरी झिलई देण्याची परंपरा आहे. तीवर चित्र काढून पुन्हां भाजतात. रंग झिलईंत मुरतात, म्हणून ते सहसा धुऊन जात नाहींत. खरें भय झिलईचें. निवतांना झिलई मातीहून अधिक आकसली, किंवा पुढें ओल शिरून माती किंचित् फुगली, कीं झिलईवर बारीक भेगांचें जाळें पडतें. कांठाचा टवका उडाला तर उघड्या मातींत पाणी मुरतें आणि भोंवतालच्या झिलईचे पोपडे निघूं लागतात.

आपली लोणच्याची बरणी पाहा. वर्षानुवर्षें मीठ व आंबट पोटांत घेऊनही ती पाझरत नाहीं. कारण सुमारें १२०० अंश सेंटिग्रेड उष्णतेवर भाजल्यानें तिची माती अंगचीच घट्ट झालेली असते. बेसिनही अशाच मातीचें मिळाल्यास उत्तम.

परीक्षा सोपी आहे. बेसिन उपडें करून झिलई नसलेल्या जागीं पाण्याचा थेंब टाकावा. तो शोषला गेला तर माती सच्छिद्र जाणावी. माठ घेतांना वाजवितों तसें बोटानें वाजवावें. नाद बद्द आला तर चिरेचा संशय धरावा.

सच्छिद्र बेसिन दिवाणखान्याजवळ हात धुण्यास शोभेल, स्वयंपाकघरांत नको. तेथें पितळेचीं पातेलीं आदळतात, चिंच-लिंबू शिशाच्या झिलईस झिजवितें, कढत पाण्यानें भेगा वाढतात व राखेनें चकाकी जाते. धुण्यास साधा साबण व मऊ फडकें पुरे. नळ ठिबकत ठेवूं नये, आणि टवका उडतांच तो बुजवून घ्यावा.

राबत्याच्या जागीं घट्ट माती आणि निवांत जागीं नक्षी, एवढा विवेक राखला तर कारागिराच्या हातची वेलबुट्टी नातवंडेंही पाहतील.