चेटकिणींचे भाकीत आणि मॅकबेथचा अपराध

शेक्सपिअरच्या ‘मॅकबेथ’मध्ये चेटकिणींचे कार्य कोणते, हा प्रश्न इंग्रजी साहित्याच्या विद्यार्थ्यांना पिढ्यान्‌पिढ्या विचारला जात आहे. त्याचे ठरीव उत्तर असे, की चेटकिणी या नियतीच्या दूती असून त्यांच्या मोहजालात सापडल्यामुळे एका शूर सेनानीचा सर्वनाश झाला. उत्तर सोयीचे आहे. परंतु ते मान्य केल्यास शोकांतिकाच शिल्लक राहत नाही. ज्याच्या हाती काही नव्हतेच, त्याचा नाश हा केवळ अपघात ठरतो.

मराठीला हे नाटक परके नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ‘काळ’कर्ते शि. म. परांजपे यांनी त्यावरून ‘मानाजीराव’ रचले; १९५४ मध्ये वि. वा. शिरवाडकरांचे ‘राजमुकुट’ आले. २००३ च्या ‘मकबूल’ या हिंदी चित्रपटात तर मुंबईतील दोन पोलीसच कुंडली मांडून भविष्य सांगतात. वेष बदलला तरी मूळ प्रश्न कायम राहतो: भाकीत करणारा दोषी, की खून करणारा?

मूळ नाटकाचा पुरावा या बाबतीत स्पष्ट आहे. डंकन राजाचा खून कर, असे चेटकिणी एकदाही सांगत नाहीत. कॉडॉरची सरदारी मिळेल हे त्यांचे भाकीत लगेच खरे ठरते व मॅकबेथ त्याने भारावतो. पण ती सरदारी त्याला देण्याचा निर्णय राजाने आधीच्या प्रवेशातच घेतलेला असतो. प्रेक्षकांना तो ठाऊक असतो, मॅकबेथला नसतो. चमत्काराचा पहिला दाखला म्हणजे दरबारातून आधीच सुटलेला हुकूम होय.

यावर असा आक्षेप घेता येईल, की चेटकिणी भेटल्याच नसत्या तर खूनही घडला नसता. चेटकिणी निरुपद्रवी नाहीत, हे खरेच. अर्धसत्य सांगून लोभ चाळवणे हे त्यांचे काम आहे. तथापि बँकोही त्याच माळावर उभा असतो. त्याचे वंशज राजे होतील, हे भाकीत तोही ऐकतो. पण त्यासाठी कोणावर शस्त्र उचलत नाही. शिवाय खुनापूर्वीच्या स्वगतात मॅकबेथ स्वतःच हिशेब मांडतो: राजा आपला आप्त आहे, स्वामी आहे आणि आज पाहुणाही आहे. खुनाच्या बाजूने त्याला एकच कारण सापडते, ते म्हणजे स्वतःची महत्त्वाकांक्षा. चेटकिणींचे नावही तो तेथे घेत नाही.

पुढे चौथ्या अंकात तो आपण होऊन त्यांचा शोध घेत जातो. अरण्य चालून येईपर्यंत पराभव नाही आणि स्त्रीच्या पोटी जन्मलेल्याकडून भय नाही, अशी दोन आश्वासने घेऊन तो निर्धास्त होतो. वस्तुतः अरण्य चालते ते सैनिकांनी फांद्या तोडून हाती धरल्यामुळे. आणि मॅकडफ जन्मलेला असतो आईचे पोट फाडून. दोन्ही ‘अशक्य’ गोष्टींचा उलगडा साध्या व्यवहारात होतो.

हे नाटक ज्या काळात लिहिले गेले, तो काळ ध्यानात घेतला पाहिजे. शेक्सपिअरच्या नाटकमंडळीचा आश्रयदाता राजा पहिला जेम्स याने १५९७ मध्ये चेटुकविद्येवर ग्रंथ लिहिला होता. १६०४ मध्ये इंग्लंडचा चेटूकविरोधी कायदा अधिक कडक झाला. अशा राजाच्या छत्राखालीही शेक्सपिअरने अपराध चेटकिणींच्या माथी मारला नाही. शेवटच्या अंकात त्या येतही नाहीत. कोणी त्यांना शोधत नाही, जाळत नाही; शिरच्छेद होतो तो मॅकबेथचा.

राजुरी परिसरातील वाचकाला अद्भुताचे वावडे असण्याचे कारण नाही. जवळच आळे येथे, ज्ञानेश्वरांनी ज्याच्या मुखातून वेद वदवले असे परंपरा सांगते, त्या रेड्याची समाधी आहे. पण ती कथा विद्येचा गर्व उतरवते. माणसाला दोषमुक्त करीत नाही. अद्भुताची हीच कसोटी आहे: त्यामुळे माणूस नम्र होतो, की आपल्या कृत्याची जबाबदारी झटकतो?

ही कसोटी साहित्यापुरती राहत नाही. घरातले मूल दगावले, गुरे मेली, की एखाद्या स्त्रीला डाकीण ठरवून तिचा छळ करण्याचे प्रकार सातपुड्यातील नंदुरबार भागात घडले आहेत. करणी केल्याचा आळ घेऊन त्रास देणे हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा ठरवला असून त्यास सहा महिने ते सात वर्षे कारावासाची तरतूद आहे. त्या कायद्यासाठी वर्षानुवर्षे झटणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांची त्याच वर्षी २० ऑगस्टला पुण्यात हत्या झाली. त्यानंतर काही दिवसांत वटहुकूम निघाला व डिसेंबरमध्ये कायदा संमत झाला.

चेटकिणीने घात केला, असे वर्गात सहज शिकवले जाते आणि उत्तरपत्रिकेत सहज लिहिले जाते. तेच वाक्य गावात उच्चारले गेले की एखाद्या निराधार बाईच्या जिवावर बेतते. म्हणून शिक्षकांनी ‘मॅकबेथ’ शिकवताना विद्यार्थ्यांसमोर आधी बँकोला उभे करावे. भाकीत दोघांनी ऐकले; खंजीर एकानेच उचलला.