परदेशातला नाताळ आणि मराठी गोष्ट

लीड्सला राहणाऱ्या माझ्या भाचीने गेल्या डिसेंबरात घरी नाताळचे झाड सजवले. चार वर्षांचा तिचा मुलगा फांदीला चांदणी बांधतो आहे, असे छायाचित्र आले आणि इकडे नातेवाइकांत कुजबुज सुरू झाली : आता ही मंडळी गुढी आणि आकाशकंदील विसरणार!

मला ही भीती अस्थानी वाटते. इंग्लंडातही हे झाड बाहेरूनच आले. जर्मनीतून आलेल्या राणी शार्लटने १८०० साली विंडसरला ते उभारले. १८४८मध्ये व्हिक्टोरिया, अल्बर्ट आणि त्यांच्या मुलांचे झाडाभोवतीचे चित्र छापून आल्यावर ही चाल अधिक रूढ झाली.

उलट दिशेचा प्रवास आपल्या भाषेने पाहिला आहे. इंग्लंडात जन्मलेले फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले. येशूजन्माची कथा त्यांनी मराठी ओवीत सांगितली. त्यांचे 'क्रिस्तपुराण' १६१६ साली छापले गेले. हेतू धर्मप्रसाराचा होता, हे उघडच आहे. पण ऐकणाऱ्याच्या भाषेत शिरल्यावाचून गोष्ट पोचत नाही, हे त्यांनी ओळखले होते.

मी भाचीला विचारले, "गोठ्यातल्या बाळाची गोष्ट त्याला कोणत्या भाषेत सांगितलीस?"

"इंग्रजीत. मामा, शाळेत तशीच सांगतात ना!"

झाडाने नव्हे, या उत्तराने मी अस्वस्थ झालो. सण परका असला तर बिघडत नाही. आईच्या तोंडची गोष्ट परकी होऊ नये. ही गोष्ट तर मराठीत चारशे वर्षांपासून आहे.