कान पिळला की पळणारी गांधीलमाशी

आज गोष्ट आहे आमच्या आबांच्या स्कूटरची. एकीची नाही, दोघींची!

पहिली जुनी, गिअरची. रोज सकाळी आबा तिला आधी एका अंगावर कलती करायचे, मग दणादण किका मारायचे. खोकत खोकत ती सुरू झाली, की उजवी मूठ पिळून घुर्रर्र घुर्रर्र अशी तीन-चार वेळा रेस द्यायचे. सगळ्या आळीला कळायचं, आबा निघाले!

पण पुढे डाव्या हातानं क्लच दाबायचा आणि तीच मूठ फिरवून गिअर टाकायचा, हे त्यांच्या मनगटाला झेपेना. म्हणून दुसरी स्कूटर आली. दिसायला अगदी जुन्या वळणाची. गोल दिवा, गुबगुबीत अंग, चकचकीत आरसे, पिस्त्यासारखा रंग. आतून मात्र आजची. बटण दाबलं की सुरू. गिअर नाही, क्लचची दांडीही नाही. आबा म्हणाले, "हिचं काय, कान पिळला की पळते!"

या वाक्यात केवढा धोका दडलाय, ते आम्हाला दोन महिन्यांनी कळलं. तो किस्सा सांगतोच. पण आधी या गोलमटोल बाईंचं घराणं पाहू.

हा आकार जन्मला इटलीत, १९४६ साली. दुसरं महायुद्ध संपलं होतं. पियाज्जो कंपनीचा पोंतेदेरा गावातला विमानांचा कारखाना बॉम्बहल्ल्यांत उद्ध्वस्त झाला होता. आता विमानं कोण घेणार? लोकांना हवं होतं स्वस्त वाहन. ते काम आलं कोर्रादिनो दास्कानिओ या इंजिनिअरकडे. हे गृहस्थ विमानं आणि हेलिकॉप्टरवाले. मोटरसायकल त्यांना मुळीच आवडायची नाही! कपडे तेलानं माखतात, टांग टाकून बसावं लागतं, चाक बदलताना जीव जातो. मग त्यांनी इंजिन मागे पत्र्याखाली झाकलं, पुढे पाय ठेवायला मोकळी जागा सोडली, आणि पुढचं चाक विमानाच्या चाकासारखं एकाच बाजूनं धरलं. बारीक कंबर आणि फुगीर मागची बाजू पाहून तिचं नाव पडलं 'व्हेस्पा'. इटालियनमध्ये व्हेस्पा म्हणजे गांधीलमाशी!

ही गांधीलमाशी आपल्याकडेही आली. १९६० च्या दशकात बजाज कंपनी परवाना घेऊन व्हेस्पा बनवत असे. १९७२ साली त्याच घाटाची 'चेतक' आली. नाव राणा प्रतापांच्या घोड्याचं. ती मिळवायला लोक वर्षानुवर्षं नंबर लावून बसत. या सगळ्या गिअरच्या. १९८४ साली कायनेटिक होंडा आली आणि बिनगिअरची स्कूटर आपल्या रस्त्यांवर दिसू लागली. २०१२ पासून व्हेस्पा खुद्द बारामतीत बनू लागली, तीही बिनगिअरची. आणि २०२० साली चेतक परत आली ती विजेवर चालणारी होऊन. रूप आजीचं, पोट नातीचं!

आता खरी गंमत. पेट्रोलवरच्या बिनगिअर स्कूटरला गिअर नाही, मग ती चढ कशी चढते?

गिअरची सायकल आठवा. चढावर आपण साखळी पुढच्या लहान आणि मागच्या मोठ्या चक्रावर आणतो. पाय भराभर फिरतात, पण जोर कमी लागतो. सपाटीवर याच्या उलट. स्कूटरमध्ये साखळीऐवजी रबरी पट्टा असतो आणि चक्रांऐवजी दोन पुली. प्रत्येक पुली म्हणजे समोरासमोर ठेवलेल्या दोन उतरत्या ताटल्या. ताटल्या जवळ आल्या की मधला पट्टा कडेकडे सरकतो, पुली जणू मोठी होते. दूर गेल्या की पट्टा मध्याकडे उतरतो, पुली लहान होते.

ताटल्या हलवतं कोण? पुढच्या पुलीत छोटे छोटे रोलर असतात. जत्रेतला पाळणा जोरात फिरला की आपण बाहेर फेकले जातो ना, तसेच इंजिन जोरात फिरलं की हे रोलर बाहेर सरकतात आणि ताटली पुढे ढकलतात. पुढची पुली मोठी होते, ताणलेला पट्टा मागची पुली फाकवतो, ती लहान होते. झाला की गिअर बदलून! तोही खटके न बसता.

क्लचसुद्धा असतो बरं का! फक्त आपल्या हातात नसतो. इंजिन हळू चालू असताना त्याचे तुकडे स्प्रिंगनं आत ओढून धरलेले असतात. वेग वाढला की ते बाहेर फाकतात आणि भोवतालचं भांडं घट्ट पकडतात. त्या क्षणी चाकाला ताकद मिळते.

इथेच आमचा किस्सा घडला.

माझा भाचा सातवीत. रविवारी सकाळी आबांनी स्कूटर मधल्या स्टँडवर सुरू केली आणि हेल्मेट विसरलं म्हणून वर गेले. भाचा सीटवर चढला. लहानपणापासून आबांची रेस पाहिलेली, तशीच मूठ पिळली. जुनी स्कूटर न्यूट्रलमध्ये असायची, नुसतीच गुरगुरायची. हिला न्यूट्रलच नाही! मागचं चाक हवेत भिरभिरायला लागलं. त्याला मजा वाटली. पुढे झुकून अजून पिळली. तेवढ्यात स्टँड सुटला, फिरतं चाक जमिनीला टेकलं आणि स्कूटर सुसाट निघाली.

मूठ सोडायची की नाही? पण स्कूटर पुढे गेली की अंग मागे जातं, हात ताणला जातो, घाबरून पकड आणखी घट्ट होते आणि मूठ आणखीनच पिळली जाते! पार्किंगची भिंत समोर होती. गोल दिवा फुटला आणि भाच्याचं मनगट मोडलं. फाटकाशी एक छोटी मुलगी रांगोळी काढत बसली होती. भिंतीऐवजी स्कूटर तिकडे वळली असती तर? हा विचार मनात आला की अजून पोटात गोळा येतो.

दवाखान्यात भाचा रडत "माझी चूक" म्हणत होता. आबा म्हणाले, "नाही रे राजा. सुरू गाडी सोडून गेलो मी. पहिली चूक माझी."

कायदाही तेच म्हणतो. गाडी चालवायला अठरा वर्षं पूर्ण हवीत. पन्नास सीसीपर्यंतच्या बिनगिअर गाडीला सोळा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मुलानं गाडी चालवून गुन्हा केला, तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. गाडीची नोंदणी वर्षभर रद्द होते आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन्स मिळत नाही. "कोपऱ्यावरून दूध तर आणायचंय" म्हणणाऱ्या मोठ्यांना हे जरूर वाचून दाखवा!

आता तुमच्यासाठी एक प्रयोग. गिअरची सायकल उलटी उभी करा. पॅडलची एकच फेरी हातानं सावकाश फिरवा आणि मागचं चाक किती फेऱ्या घेतं ते मोजा. गिअर बदलून पुन्हा मोजा. बोटं मात्र साखळीपासून लांब! आकडे वहीत मांडा. स्कूटरच्या दोन ताटल्या काय करतात, ते आपोआप उलगडेल.

भाच्यानं तो प्रयोग प्लास्टर घातलेला हात गळ्यात अडकवून केला. आता हात बरा आहे. दर रविवारी तो स्कूटर पुसतो, हवा तपासायला आबांबरोबर जातो. आणि आबा? हेल्मेट विसरलं, तर आधी बंद करून किल्ली खिशात टाकतात, मग जिना चढतात. ओसरीवरून भाचा ओरडतोच, "आबा, किल्ली?"

आणि खालून किल्ल्यांचा जुडगा खुळखुळतो.