किडनीचा डॉक्टर आमगावात दिसलाच पाहिजे!



रोवणीच्या दिवसांत कंबर धरली की दुकानातून दुखीची गोळी आणायची, आणि शुगर-बीपीची गोळी मात्र बरे वाटताच बंद करायची, हे आपल्याकडे घरोघरी चालते. दोन्ही सवयी किडनीच्या मुळावर येतात. किडनी लवकर कुरकुरतही नाही. पाय सुजतात, जेवण जात नाही, दम लागतो, तेव्हा कुठे रक्त तपासले जाते. तोवर बरेच नुकसान होऊन गेलेले असते.

मग नागपूर. पहाटेची गाडी, सोबत घरचे एक माणूस, दोघांचीही मजुरी बुडालेली. तिथे डॉक्टर रिपोर्ट पाहतात, बीपीची गोळी बदलतात, मीठ कमी करायला सांगतात आणि महिन्याने पुन्हा रक्तातले क्रिएटिनिन तपासून बोलावतात. महिन्याने धानाची कापणी असते. माणूस जात नाही. पुढे डायलिसिस मागे लागते : आठवड्यातून दोन-तीनदा, दर वेळी सुमारे चार तास, किडनी बदलेपर्यंत किंवा जन्मभर.

राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम 2016 मध्ये आला, महात्मा फुले जनआरोग्य योजनेतही डायलिसिस आहे. ते हवेच. पण ज्याला डायलिसिसच्या यंत्रापासून अजून वाचवता येईल, त्याच्याकडे कोण पाहणार?

आमची मागणी साधी आहे. आमगावच्या ग्रामीण रुग्णालयात दर आठवड्याला, ठरलेल्या वारी, व्हिडिओवरून किडनीतज्ज्ञांची ओपीडी सुरू करा. नागपूरच्या शासकीय सुपर स्पेशालिटी रुग्णालयात किडनीविकार विभाग आहे. गोंदियात 2016 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. केंद्राची ई-संजीवनी ही दुरून वैद्यकीय सल्ला देणारी सेवा 2019 पासून चालू आहे. डॉक्टरांनी दुरून तपासून औषध लिहिण्याचे नियम 25 मार्च 2020 रोजीच जाहीर झाले. अडले आहे ते हे सगळे एकत्र जोडण्यापाशी.

कोणी म्हणेल, हात न लावता कसले उपचार? किडनीच्या रुग्णाची फेरतपासणी मुख्यतः आकड्यांवर चालते : बीपी, वजन, क्रिएटिनिन, पोटॅशियम, हिमोग्लोबिन, लघवीतले प्रथिन. हात लावायला आपली सिस्टर आहे. तिने नडगीवर अंगठा दाबून सोडला आणि खळगा तसाच राहिला, तर नागपूरच्या डॉक्टरलाही तो कॅमेऱ्यात दिसतो. कोणती गोळी थांबवायची, कोणती वाढवायची, हे तो तिथूनच आपल्या मेडिकल ऑफिसरला सांगू शकतो. अमेरिकेत न्यू मेक्सिकोतल्या झुनी आदिवासींच्या वस्तीत किडनीचा दवाखाना वर्षानुवर्षे असाच चालला : तज्ज्ञ दूर, नर्स आणि रुग्ण गावात.

मात्र नुसता टीव्ही टांगून उद्घाटन करू नका. तपासणी दर वेळी शक्यतो त्याच तज्ज्ञाकडे हवी, रुग्णाची फाईल एकच हवी. रक्त-लघवीचे नमुने प्राथमिक आरोग्य केंद्रातच घेतले जावेत आणि रिपोर्ट ओपीडीच्या आधी यावेत. लिहून दिलेली औषधे इथेच मिळावीत. जो तपासणीला आला नाही, त्याच्या दारी आशाताईने जावे आणि त्या कामाचा मोबदला तिला मिळावा. नेट गेले तर फोनवर बोलणे व्हावे, रुग्णाला परत पाठवू नये. ज्याला धाप लागली आहे किंवा लघवी बंद झाली आहे, त्याला व्हिडिओसमोर बसवून न ठेवता लगेच मोठ्या दवाखान्यात हलवावे. आणि हेही बजावून सांगतो : व्हिडिओवरचा डॉक्टर दाखवून रिक्त पदे झाकू देणार नाही. ती भरलीच पाहिजेत.

येत्या ग्रामसभेत हा ठराव मांडा. आमगाव, सालेकसा, देवरी, तिन्ही तालुक्यांतल्या गावांनी मांडा. ठरावाची प्रत रुग्ण कल्याण समितीला, जिल्हा शल्यचिकित्सकांना आणि आमदारांना द्या, पोच घ्या. आणि घरात शुगर किंवा बीपीचा रुग्ण असेल, तर ओपीडी सुरू होण्याची वाट न पाहता याच आठवड्यात त्याचे क्रिएटिनिन आणि लघवी तपासून घ्या.

– आमगाव तालुक्यातील किडनीरुग्णांचे नातेवाईक