पिकअप मोटार दारीं आणावी काय ?

सातारा व सांगली या दोन्ही जिल्ह्यांतील कोणत्याहि बाजारपेठेच्या गांवीं सकाळीं उभे राहून पाहिलें असतां पूर्वीं जेथें बैलगाड्यांची रांग लागे तेथें आतां डिझेलवर चालणाऱ्या पिकअप मोटारींची रांग दिसते. मालवाहू मोटारींवरील वस्तु व सेवा कर ता. २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आहे. ‘आतां घेतली नाहीं तर केव्हां घेणार ?’ असें विक्रेते विचारतात, घरांतील तरुण मुलगे त्याला दुजोरा देतात, आणि कर्ता पुरुष मात्र हो किंवा नाहीं यांपैकीं कांहींच न बोलतां गप्प बसतो. या प्रश्नाचा विचार विक्रेत्याच्या दुकानांत न करतां घरीं, हातीं वही घेऊन करावा, एवढेंच सांगण्याकरितां हा लेख आहे.

आम्ही यंत्राचे विरोधक नाहीं. १९१० सालीं लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनीं तेव्हांच्या औंध संस्थानांत, कुंडल रोड स्टेशनाजवळच्या माळावर आपला कारखाना आणला. सांगली जिल्ह्यांतील किर्लोस्करवाडी ती हीच. त्यांचा लोखंडी नांगर प्रथम निघाला तेव्हां लोखंडानें जमीन विषारी होते अशा समजुतीनें शेतकरी तो घेण्यास धजत नव्हते. ती समजूत खोटी होती हें पुढें सर्वांस कळून आलें. म्हणून ‘आमच्या वाडवडिलांनीं मोटार घेतली नाहीं’ हें कारण आम्हांस मुळींच मान्य नाहीं. परंतु नांगर व मोटार यांत एक मोठा भेद आहे. नांगर काम नसतांना वळचणीला पडून राहिला तर कांहीं खात नाहीं. मोटार उभी राहिली तरी खाते. तिचा हप्ता, तिचा विमा, तिची वार्षिक झीज हीं माल असो वा नसो चालूच राहतात. म्हणून मोटार घेणाऱ्यानें ती किती ओढते हें पाहण्यापूर्वीं ती वर्षांतून किती दिवस ओढणार आहे हें पाहिलें पाहिजे.

आपण एक हिशेब मांडूं. आंकडे समजण्यासाठीं गृहीत धरले आहेत. ज्यानें त्यानें आपल्या गांवचे खरे आंकडे त्यांच्या जागीं घालावे. मोटार रस्त्यावर येईपर्यंत १०,००,००० रुपये लागतात असें धरा. २,००,००० रोख भरले व ८,००,००० रुपये दसादशें १० टक्के व्याजानें ५ वर्षांच्या मुदतीनें काढले, तर महिन्याचा हप्ता सुमारें १७,००० रुपये होतो. पांच वर्षांत हप्त्यांचे १०,२०,००० व पहिले रोख २,००,००० मिळून १२,२०,००० रुपये घरांतून गेले. पांच वर्षांनीं मोटार ४,५०,००० रुपयांस विकली गेली असें धरल्यास निव्वळ खर्च ७,७०,००० म्हणजे वर्षाला १,५४,००० रुपये आला. विमा, कर, टायर व दुरुस्ती यांचे वर्षाला ८०,००० धरले, म्हणजे एकूण २,३४,००० रुपये झाले. यांत डिझेल नाहीं व चालकाचा पगार नाहीं.

आतां ही रक्कम दिवसांनीं भागा. मोटार वर्षांतून २०० दिवस चालली तर दर दिवसाला १,१७० रुपये पडतात. ३० दिवस चालली तर ७,८०० रुपये पडतात. भाड्याची मोटार डिझेल व चालक यांसह दिवसाच्या खेपेस ३,५०० रुपयांस मिळते असें धरूं. घरच्या मोटारीला शंभर किलोमीटरच्या फेरीस ८ लिटर डिझेल, लिटरला ९० रुपयांप्रमाणें ७२० व चालकाचे ७०० मिळून १,४२० रुपये लागतील. म्हणजे दर खेपेस २,०८० रुपये वांचतात. या बचतींतून २,३४,००० रुपये भरून निघण्यास वर्षांतून ११३ दिवस भरलेली मोटार बाहेर पडली पाहिजे. रिकामी फेरी यांत धरतां येत नाहीं. लग्नाला किंवा जत्रेला गेलेली तर नाहींच नाहीं.

११३ दिवसांचा माल आपल्याजवळ आहे काय ? १९७०-७१ च्या कृषिगणनेंत महाराष्ट्रांतील सरासरी खातें ४.२८ हेक्टरांचें होतें. २०१५-१६ च्या गणनेंत तें १.३४ हेक्टर, म्हणजे सुमारें सव्वातीन एकर, उरलें. रानें लहान झालीं, गाड्या मात्र मोठ्या झाल्या. शिवाय सर्व पिकें मोटारीला सारखें काम देत नाहींत. ऊस घ्या. कृष्णाकांठचा बहुतेक ऊस साखर कारखानाच तोडून नेतो व तोडणी-वाहतुकीचा खर्च शेतकऱ्याच्या बिलांतून वजा करतो. ऊसवाल्याच्या दारची पिकअप उसाला हात लावीत नाहीं. तासगांवकडील द्राक्षें पुष्कळदां व्यापारी बागेंतूनच उचलतो. हळदीचें म्हणाल तर वाळलेली हळद एकरीं २५ ते ३० क्विंटल आली तर उत्तम समजतात. दोन एकरांची हळद सांगलीच्या बाजारांत न्यावयास चार-पांच खेपा पुरतात, आणि त्याहि वर्षांतून एकदांच. दूध गांवांतल्या केंद्रावर जातें. म्हणजे ऊस, द्राक्षें व हळद अशी उत्तम बागायत असणाऱ्या सधन शेतकऱ्यालाच मोटारीचें काम सर्वांत थोडें असतें. आणि कर्ज मिळण्यास तोच सर्वांत पात्र असल्यामुळें विक्रेताहि प्रथम त्याच्याच दारीं येतो!

याच्या उलट कराड किंवा खंडाळा तालुक्यांतील ज्याचा भाजीपाला एक दिवसाआड निघतो, किंवा महाबळेश्वर-पांचगणीकडील ज्याची स्ट्रॉबेरी थंडीपासून उन्हाळ्यापर्यंत तोडावी लागते, त्याची गोष्ट निराळी आहे. साताऱ्याहून पुणें सुमारें ११० किलोमीटर. रात्रीं निघालेला माल पहाटेच्या सौद्याला पोहोंचला तर एक भाव व उन्हें वर आल्यावर पोहोंचला तर दुसरा भाव. ऐन तोडणीच्या दिवसांत भाड्याची मोटार सर्वांनाच हवी असते व वेळेवर कोणालाच मिळत नाहीं. २०२० सालच्या टाळेबंदींत ज्यांच्या दारीं स्वतःचें वाहन होतें त्यांतील कित्येकांनीं शहरांतील वसाहतींत थेट माल नेऊन विकला, आणि इतरांचा माल रानांतच सडला. नाशवंत मालाच्या शेतकऱ्याला वेळ हाच पैसा आहे, आणि तो वरच्या हिशेबांत नफ्याच्या बाजूस अवश्य मांडावा. अशा शेतकऱ्यानें मोटार घेतली तर आम्ही त्यास चैन म्हणणार नाहीं.

आतां खुद्द यंत्राविषयीं. आज मिळणारी डिझेल मोटार दहा-पंधरा वर्षांपूर्वींच्या मोटारीसारखी नाहीं. ता. १ एप्रिल २०२० पासून सर्व देशांत ‘भारत स्टेज सहा’ हे धुराचे नियम लागू झाले. त्यांसाठीं डिझेलांतील गंधकाचें प्रमाण दशलक्ष भागांस ५० वरून १० भागांवर आणावें लागलें, आणि नव्या डिझेल मोटारींच्या धुराच्या नळींत काजळी अडविणारी गाळणी आली. ही गाळणी भरत जाते, व तींतील काजळी जळून जाण्यास धूर अतिशय तापावा लागतो; साधारण ६०० अंशांपर्यंत. मोटार मोठ्या रस्त्यावर एका लयींत पंधरा-वीस मिनिटें धांवली म्हणजे हें काम आपोआप होतें. परंतु मळ्यांतून गांवांत व गांवांतून मळ्यांत अशा दोन-चार किलोमीटरांच्या फेऱ्या मारणाऱ्या मोटारीची गाळणी तापतच नाहीं. ती कोंदते, समोरच्या पाटीवर दिवा लागतो, आणि त्याकडे दुर्लक्ष केलें तर इंजिनाची ताकद घटून शेवटीं मोटार कारखान्यांत न्यावी लागते. म्हणून जिचें काम मुख्यतः शिवारांतच आहे अशा मोटारीसाठीं नवें डिझेल इंजिन सोयीचें नाहीं. तें काम ट्रॅक्टर-ट्रॉलीनेंच करावें.

कांहीं मोटारींत धूर शुद्ध करण्यासाठीं युरियाचें द्रावण भरण्याची निराळी टाकी असते. त्या द्रावणांत अत्यंत शुद्ध पाण्यांत ३२.५ टक्के शुद्ध युरिया असतो. घरांत युरियाची गोणी आहे म्हणून तोच पाण्यांत कालवून टाकींत ओतण्याचा मोह शेतकऱ्यानें कदापि धरूं नये. खताचा युरिया कडुनिंबाच्या तेलाचें लेपन केलेला असतो व त्यानें ती सर्व यंत्रणा निकामी होते. भेसळीचें डिझेलहि या इंजिनांस सोसत नाहीं. जुन्या इंजिनाप्रमाणें झाडाखालीं दुरुस्ती करून घेण्याचे दिवस गेले. घेण्यापूर्वीं अधिकृत दुरुस्तीचें ठिकाण आपल्या गांवाहून किती दूर आहे हें विचारून घ्यावें.

कायद्याच्या चार गोष्टी थोडक्यांत सांगतों. भरलेल्या मोटारीचें एकूण वजन ३,००० किलोंपेक्षां अधिक होणार नसेल तर मालवाहतुकीचा परवाना लागत नाहीं. अधिक असेल तर लागतो. हलकें वाहन चालविण्याचा परवाना असणाऱ्यास ७,५०० किलोंपर्यंतचें मालवाहू वाहन चालवितां येतें, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानें नोव्हेंबर २०२४ मध्यें दिला आहे. ठरल्यापेक्षां अधिक माल भरल्यास २०,००० रुपये व वरच्या दर टनास आणखी २,००० रुपये दंड आहे. आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही कीं मागील हौद्यांत माणसें बसवूं नयेत. अपघात झाला तर फुकट बसलेल्या माणसांबद्दल विमा कंपनी जबाबदार राहत नाहीं, व भरपाईचा बोजा मालकावर येतो. मजूर नेतांना व देवदर्शनाला जातांना ही गोष्ट लोक हटकून विसरतात. नदीकांठच्या गांवांनीं आणखी एक ध्यानांत ठेवावें. ऑगस्ट २०१९ मध्यें सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेचें पाणी ५७ फुटांवर गेलें होतें. केवळ त्रयस्थाच्या नुकसानीचा विमा असेल तर पुरांत बुडालेल्या आपल्या मोटारीचा एक पैसाहि मिळत नाहीं.

आतां मूळ मुद्द्याकडे येतों. पुष्कळ घरांत मोटार मालासाठीं घेतली जात नाहीं. ती मुलासाठीं घेतली जाते. शिकलेल्या मुलास नोकरी नाहीं, शेतींत त्याचें मन नाहीं, सोयरीक जुळत नाहीं. निदान गाडी तरी घेऊन देऊं असें बाप म्हणतो. त्या बापाचें दुःख आम्ही हलकें लेखीत नाहीं. परंतु तसें असेल तर तसें स्पष्ट बोलावें. भाड्यानें माल वाहणें हा एक स्वतंत्र धंदा आहे. त्यास पिवळ्या पाटीची नोंदणी, बारमाही गिऱ्हाईक व रात्रीं-अपरात्रीं जाण्याची तयारी लागते. मुलास हा धंदा करावयाचा असेल तर त्यानें प्रथम सहा महिने दुसऱ्याच्या मोटारीवर काम करून पाहावें. खेपा मिळतात कीं नाहीं हें त्यास कळेल, आणि त्याची चिकाटी किती हें बापास कळेल.

आमची नोकरीचीं वर्षें महसूल खात्याच्या दप्तरांत गेलीं. तेथें एक गोष्ट पक्की शिकलों. मोटारीवरचें कर्ज मोटारीवरच असेल तर प्रथम मोटार जाते. परंतु मोटारीसाठीं जमीन तारण दिली कीं सात-बाराच्या ‘इतर अधिकार’ या सदरीं बोजा चढतो. मोटार कांहीं वर्षांनीं भंगारांत जाते. बोजा कर्ज फिटून कमी करण्याचा फेरफार मंजूर होईपर्यंत जागचा हलत नाहीं. वडिलांच्या मागें भावाभावांत वांटण्या होतात तेव्हां ज्याला मोटार मिळाली नव्हती त्याच्याहि वांट्याला बोजा येतो. तसेंच पीककर्ज काढून त्यांतून मोटारीची रोख रक्कम भरूं नये. पीककर्ज वेळेवर फेडणाऱ्यास व्याजाची सवलत मिळते. पैसा मोटारींत अडकला कीं ती सवलत जाते, आणि पुढच्या हंगामांत खताला पैसा उरत नाहीं. घरचें झालें थोडें आणि व्याह्यानें धाडलें घोडें, अशी ही स्थिति आहे.

मग सव्वातीन एकरांच्या शेतकऱ्यानें काय करावें ? आमच्या मतें एकाच शिवारांतील, एकाच बाजाराला माल नेणाऱ्या पांच-सहा शेतकऱ्यांनीं मिळून, अथवा गांवच्या शेतकरी गटानें वा सहकारी सोसायटीनें, एक मोटार घ्यावी. एकाचे तीस दिवस असतात. सहांचे मिळून दीडशेंवर जातात, आणि वरचा हिशेब जुळतो. भागीदारी मोडते ती पैशानें क्वचित्, अव्यवस्थेनें पुष्कळदां. म्हणून मोटार कोणाच्या नांवें, चालक कोण, पाळी कशी, डिझेलची वही कोणाजवळ, आणि एखाद्यास बाहेर पडावयाचें झाल्यास त्याची रक्कम कशी फिटावी, हें पहिल्याच दिवशीं कागदावर लिहून सर्वांनीं सह्या कराव्या. सहांची पिकें एकाच आठवड्यांत काढणीस येणारीं नसावीं, हेंहि पाहावें.

२००५ सालीं टाटांची ‘एस’ ही लहान मालमोटार निघाली तेव्हां लोकांनीं तिचें नांव ‘छोटा हत्ती’ ठेवलें. नांव मोठें समर्पक आहे. दारीं हत्ती झुलावा असें कोणास वाटत नाहीं ? पण हत्ती ज्याच्या दारीं असतो त्यास त्याचा चारा रोज पुरवावा लागतो. तेव्हां आमची शेतकरी बंधूंस एवढीच विनंती आहे कीं येत्या पाडव्यापासून पुढच्या पाडव्यापर्यंत भाड्याच्या प्रत्येक खेपेची तारीख, मालाचें वजन व दिलेलें भाडें वहींत लिहावें. वर्षाअखेर दिवसांची बेरीज शंभरावर गेली तर खुशाल मोटार आणावी. पन्नासांवर थांबली तर शेजाऱ्यास भेटावें. आणि तिसांच्या आंत राहिली तर भाडें देऊन मोकळें व्हावें, व उरलेली रक्कम विहिरीच्या व जमिनीच्या सुधारणेस लावावी.